मांजराने मारलेले पाखरू आणि आपले पहिले शील





ज्या घरात सायंकाळी भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून मुलाबाळांसह त्रिसरण-पंचशील म्हटले जाते, अशा अनेक घरांत एखादे मांजरही राहत असते. आता असे समजा की, पंचशील म्हणून होते न होते तोच ते मांजर दारातून आत येते आणि त्याच्या तोंडात बुलबुलाचे पिल्लू असते. पिल्लू अजून फडफडत आहे. मुले ओरडतात, आई झाडू उगारते, मांजर पिल्लासह पलंगाखाली शिरते. दोन मिनिटांत सर्व आटोपते. मग घरातले सर्वांत लहान पोर विचारते, "आत्ताच आपण म्हटले ना, कोणाला मारायचे नाही म्हणून?" या पोराला तुम्ही काय उत्तर द्याल? शील मोडले काय? मोडले असेल तर ते कोणी मोडले. मांजराने, की त्याला रोज वाटीत खायला घालणाऱ्या घराने?

प्रश्न क्षुल्लक आहे असे पुष्कळांना वाटेल. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, नोकऱ्या कंत्राटी झाल्या, खेड्यापाड्यांत अत्याचार थांबलेले नाहीत. अशा काळात ही बाई मांजर-पाखराचे काय घेऊन बसली, अशी तक्रार कोणी केली तर मला राग येणार नाही. परंतु ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्यांच्या अनुभवालाच मी साक्षीला बोलावते. जुना धर्म आपल्या घरात पोथ्या घेऊन आला नव्हता. पोथीला हात लावण्याची आपल्या पूर्वजांना मुभाच नव्हती. तो आला उंबरठ्यावरून, चुलीवरून, लिंबू-मिरचीवरून आणि आडव्या गेलेल्या मांजरावरून. त्याला घालवायचे तर त्याच जागा झाडून काढाव्या लागतात. आणि झाडलेली जागा रिकामी ठेवून भागत नाही, कारण मूल प्रश्न विचारते आणि उत्तर मिळाले नाही तर शेजाऱ्याचे उत्तर घेऊन घरी येते.

शेजाऱ्याजवळ अशी दोन उत्तरे तयार असतात. पहिले तुमच्या आजीलाही ठाऊक होते. मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते! मांजर मारणे हे महापाप, आणि मांजराने मारलेल्या पाखराची मात्र कोठेच नोंद नाही. या हिशेबात पापाची किंमत ठरलेली आहे, ती सोन्यात आहे आणि ती घेणाराही ठरलेला आहे. ज्याच्याजवळ सोने नाही त्याने काय करावे, याचा विचार करण्याचे हिशेब मांडणाऱ्याला कारण नव्हते. मेलेल्या जिवाचे दुःख आणि मारणाऱ्याचे चित्त, या दोन्ही गोष्टी तेथे हिशेबात येतच नाहीत. तेव्हा हे उत्तर आपण सोडून दिले ते योग्यच केले.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे, कारण ते शास्त्रीय वाटते. 'जीव जिवावरच जगतो, मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा निसर्गनियम आहे. त्यात चांगले-वाईट कसले?' आपल्यातले शिकलेले तरुणही हे वाक्य ऐटीत बोलतात. निसर्गात असे घडते हे खरे आहे. परंतु जे घडते ते न्याय्य आहे, ही उडी कोणी मारावी? 'निसर्गानेच लहान-मोठे केले आहे, तुम्ही लहानांत जन्मलात, त्याला आमचा काय इलाज' हेच वाक्य आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. ज्या समाजाने ते वाक्य आपल्या पाठीवर सोसले आहे, त्याने तरी ते दुसऱ्या कोणासाठी, मग तो पक्षी का असेना, विचार न करता वापरू नये, असे मला वाटते.

आता मांजराकडे वळू. मांजर दोषी आहे काय? पहिल्या शीलासंबंधी आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत पाच अंगे सांगितली आहेत. समोर जिवंत प्राणी असला पाहिजे, तो जिवंत आहे हे मारणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, मारण्याचे चित्त असले पाहिजे, त्यासाठी प्रयत्न झाला पाहिजे आणि त्या प्रयत्नाने मरण आले पाहिजे. अट्ठकथा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. बुद्धीला पटेल तेच घ्यावे हीच तथागतांची शिकवण. पण ही पाच अंगे बुद्धीला पटण्यासारखी आहेत. वरवर पाहता मांजराच्या बाबतीत पाचही जुळतात असे एखाद्या हुशार विद्यार्थ्याला वाटेल. परंतु शील म्हणजे 'मी यापासून दूर राहण्याची शिकवण स्वीकारतो' असा संकल्प. जो संकल्प करू शकतो तोच तो मोडू शकतो. मांजराला दुसरा मार्गच दिसत नाही, मग त्याने मार्ग चुकला असे कसे म्हणावे?

त्याच्या देहाची रचनाही पाहा. मांजर हे निव्वळ मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसे बनवता येत नाही. ते त्याला मांसामाशांतूनच घ्यावे लागते, नाहीतर त्याचे डोळे आणि हृदय बिघडते. म्हणून अहिंसेच्या नावाखाली मांजराला नुसत्या दूधभातावर ठेवणे हाही क्रूरपणाच होय. (मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध नीट पचतही नाही, ही गोष्ट आपल्या गोष्टींच्या पुस्तकांनी कधी सांगितली नाही.) मांजराला उपासक करण्याच्या भानगडीत पडू नये. संयुत्तनिकायात तथागतांनी एका मांजराचा दृष्टान्त दिला आहे. ते गटाराच्या आणि उकिरड्याच्या कडेला उंदराची वाट पाहत बसलेले असते. त्या दृष्टान्ताचा उपदेश इंद्रियांवर ताबा न ठेवणाऱ्या भिक्षूला आहे, मांजराला नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते मांजर अरण्यातले नाही; ते माणसाच्या वस्तीतले, माणसाच्या घाणीजवळचे आहे.

सगळा प्रश्न येथेच फिरतो. मांजर वस्तीत आले ते माणसामुळे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. माणसाने धान्य साठवले, धान्यामागे उंदीर आले, उंदरामागे मांजर आले. तेव्हापासून ते आपल्या आश्रयाला आहे. आणि आश्रयातले जनावर व रानातले जनावर यांत फार मोठा फरक आहे. रानातल्या शिकारी प्राण्याला सावज कमी झाले की उपाशी राहावे लागते, त्याची पिल्ले जगत नाहीत, त्याची संख्या घटते आणि सावजाला पुन्हा उसंत मिळते. आपल्या मांजराला ही अडचण नाही. गल्लीतले शेवटचे पाखरू संपले तरी त्याची वाटी भरलेलीच असते. म्हणजे शिकार त्याची आणि शिधा आपला! याला निसर्गनियम म्हणता येणार नाही. यात माणसाचा हात मिसळलेला आहे.

'पण आमचे मांजर पोटभर जेवते, ते कशाला शिकार करील?' असे एखादी गृहिणी म्हणेल. भूक आणि शिकार या मांजराच्या बाबतीत दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना त्यांचे आवडते खाणे दिले आणि ती खात असतानाच समोर उंदीर सोडला. त्यांनी खाणे टाकून उंदीर मारला, आणि मग ती परत खाण्याकडे आली. 'आमचे मांजर तर कधी काही धरून आणत नाही' हेही पुरेसे उत्तर नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून पाहण्यात आले. त्यांपैकी ४४ टक्के मांजरे शिकार करीत होती. त्यांनी जे मारले त्यातले जेमतेम २३ टक्के घरी आणले; जवळजवळ निम्मे तर मारून तेथेच टाकून दिले होते. आपल्या दारात दिसते ते पिल्लू म्हणजे सगळा हिशेब नव्हे.

अमेरिकेचा एकूण हिशेब २०१३ मध्ये तेथील संशोधकांनी मांडला. मोकाट फिरणारी मांजरे त्या देशात वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी आणि ६३० कोटी ते २,२३० कोटी लहान सस्तन प्राणी मारतात, असा तो अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या मांजरांचा आहे. न्यूझीलंडच्या स्टीफन्स नावाच्या बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले. माणसांबरोबर मांजर आले, आणि न उडणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याची त्या बेटावरची जात थोड्याच काळात नाहीशी झाली. दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकाच मांजराने सगळी जात संपवली असे सांगतात, ती दंतकथा आहे. मांजरे अनेक झाली होती. पण ती आली माणसाच्या होडीतूनच.

मॅरियन बेटाची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण धम्माचा विचार करणाऱ्याला तेथे खरा पेच पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या खाली, दूर समुद्रात हे थंड बेट आहे. जुन्या काळी आलेल्या जहाजांतून तेथे उंदीर उतरले. पुढे तेथील हवामान केंद्रातील माणसांनी उंदरांचा बंदोबस्त म्हणून १९४९ मध्ये ५ मांजरे नेली. १९७० च्या दशकात त्या ५ ची २,००० हून अधिक झाली होती आणि ती वर्षाला सुमारे ४,५०,००० समुद्रपक्षी मारीत होती. हे पक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात; चार पायांचा शत्रू त्यांच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलाच नव्हता. १९७७ मध्ये मांजरांमध्ये मुद्दाम एक रोग सोडण्यात आला, नंतर रात्री-रात्री बंदुका घेऊन माणसे फिरली, आणि १९९१ पर्यंत शेवटचे मांजर संपले. आणि उंदीर? ते राहिलेच. पुढे ते इतके वाढले की घरट्यात बसलेल्या अल्बाट्रॉस पक्ष्यांच्या जिवंत पिल्लांना रात्री कुरतडू लागले.

बंदूक घेऊन फिरणाऱ्या त्या माणसांनी शील मोडले काय? येथे बाबासाहेबांचा आधार घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा अर्थ उलगडताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज. जेथे केवळ इच्छाच आहे तेथे हिंसा निषिद्ध. जेथे गरज आहे तेथे माणसाने बुद्धीने निर्णय करावा. यज्ञात पशू मारणाऱ्याजवळ इच्छा होती, गरज नव्हती. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असेही त्यांनी तेथे सांगितले आहे. नियम तुमच्या हातातून निर्णय काढून घेतो, तत्त्व तो तुमच्यावर सोपवते. आपल्याला मटण खाण्यावरून टोमणे मारणाऱ्या शेजाऱ्याला हा भेद एकदा शांतपणे समजावून सांगावा. त्याच्या ताटात मांस नसेल, पण त्याच्या मनात माणसाविषयी काय आहे, हेही मग विचारता येते. मॅरियनवर माझ्या मते गरज होती. परंतु ती गरज १९४९ मध्ये माणसानेच, पुढचा विचार न करता, निर्माण केली होती. चाळीस वर्षांनी बंदूक हातात आली त्याच्या आधी पाच वेळा तरी त्या माणसांना शहाणे होण्याची संधी होती.

आता कोणी म्हणेल, बेटाची गोष्ट आमच्या इंदोऱ्याला, वरळीला किंवा भडकल गेटला कशी लागू होणार? हा आक्षेप बरोबर आहे. मांजर आपल्या देशात हजारो वर्षांपासून आहे, रानमांजरेही आहेत; आपल्या पाखरांना मांजर म्हणजे काय ते जन्मतः कळते. म्हणून अमेरिकेचे आकडे उचलून आपल्या मोहल्ल्यावर चिकटवणे हा अभ्यास नव्हे. चिमण्यांचेच पाहा. २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालाप्रमाणे देशभरात चिमणी बऱ्याच अंशी टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत ती घटली आहे. तेथे कौले गेली, वळचणी गेल्या, पिल्लांना भरवायला किडे राहिले नाहीत. मांजरावर सगळे खापर फोडणे म्हणजे गरिबाला पकडून चोरी उकलल्याचे समाधान मानण्यासारखे आहे.

पण म्हणूनच आणखी एक गोष्ट मनाला लागते. आपल्या वस्त्यांत झाडे किती? विहारासमोरचा पिंपळ, कोणाच्या दारचा शेवगा, नाल्याकाठची चार बाभळीची झुडपे. तेवढ्यात बुलबुल, शिंपी, दयाळ, सातभाई यांनी संसार थाटायचा असतो. खारीने धावायचे असते, सापसुरळीने दगडाखाली राहायचे असते. बुलबुलाचे घरटे तर हात पुरेल एवढ्या उंचीवर असते. जागा इतकी अपुरी असताना त्याच गल्लीत दहा-बारा मोकळी मांजरे असली, तर त्या झुडपात एकही वीण पार पडणे कठीण. अपुऱ्या जागेत राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि उंदीर? माझ्या सातवीच्या वर्गात यावर बोलणे निघाले तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, मांजराने बुलबुल धरला की आपण रडतो आणि उंदीर धरला की शाबास म्हणतो, असे का?" प्रश्न ऐकून मी मनात चपापले. गाणाऱ्या, सुंदर, उंच फांदीवरच्या जिवाला दया, आणि गटारात राहणाऱ्या, वास येणाऱ्या, रात्री हिंडणाऱ्या उंदराला, घुशीला, चिचुंद्रीला तिरस्कार. ही वर्णव्यवस्था आपणच पशुपक्ष्यांत नेऊन ठेवली नाही काय? बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेराव्या प्रतिज्ञेतही सर्व प्राणिमात्र आहेत; त्यात सुंदर प्राण्यांसाठी वेगळे कलम नाही.

तरीही उंदराचे उत्तर बुलबुलासारखे असू शकत नाही, हे मी त्या मुलीला सांगितले. उंदीर धान्य नासवतो, झोपलेल्या तान्ह्या मुलाला चावतो, त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाने जी माणसे गेली ती बहुतेक कोणत्या वस्त्यांतली होती, ते सांगायला नको. येथे गरज आहे, आणि गरज असताना हात बांधून बसा असे धम्म सांगत नाही. प्लेगच्या काळात वऱ्हाड-नागपूरकडे असलेल्या बुकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टराने १९०८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहून गावोगावी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला होता. पण मांजर म्हणजे उंदरांवरचा रामबाण, ही समजूतही तपासून घ्यावी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचऱ्याच्या एका कारखान्यात मोठे उंदीर आणि मोकाट मांजरे यांच्यावर ७९ दिवस कॅमेऱ्याने पाळत ठेवण्यात आली. त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर भरले दोन! घरातली लहान उंदरे मांजर धरते; पण घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. चिमणी आणि सरडा त्याला सोपा पडतो.

मग वस्तीत उंदीर कमी कशाने होतील? कचरा रोज उचलला गेला तर, गटारे झाकली तर, धान्य पत्र्याच्या डब्यात राहिले तर. यातले शेवटचे आपल्या हातात आहे. पहिली दोन नगरपालिकेची कामे आहेत, आणि ती दुसऱ्या पेठांत होतात तशी आपल्या वस्तीत होत नाहीत. जेथे कचऱ्याची गाडी आठ-आठ दिवस फिरकत नाही, तेथल्या बाईने उंदरांसाठी मांजर पाळले आणि त्या मांजराने पाखरू मारले, तर त्या पाखराच्या मरणात कचऱ्याची गाडी न पाठवणाऱ्यांचाही वाटा आहे. शीलाचा प्रश्न घरात विचारावा, आणि वॉर्डाच्या कचेरीतही विचारावा.

घराच्या वाट्याला जे उरते ते मात्र घराचेच. अट्ठकथेत प्राणघाताचे मार्गही सांगितले आहेत: स्वतःच्या हाताने, दुसऱ्याला आज्ञा देऊन, आणि एके जागी सापळा किंवा खड्डा करून ठेवूनही. मांजर हा आपला सापळा आहे काय? नाही; आपण ते पाखरांसाठी ठेवलेले नाही, मारण्याचे चित्त आपल्याजवळ नाही. म्हणून मालकाला मारेकरी म्हणणे अन्याय होईल. परंतु एक दुसरे उदाहरण घ्या. एकाने पाण्यासाठी अंगणात विहीर खणली, तिला कठडा बांधला नाही. अंधारात कोणी आत पडला. विहीर खणणारा खुनी नव्हे, त्याचा हेतू पाण्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्याने कठडा बांधला तर आपण त्याला भला माणूस म्हणू. पण तो म्हणाला, 'माझा हेतू शुद्ध आहे, मी कशाला कठडा बांधू?' आणि महिन्याने दुसरा पडला, तर? हेतूची शुद्धता पहिल्या वेळी त्याच्या बाजूने बोलली. दुसऱ्या वेळी ती गप्प बसते. माहिती झाल्यानंतरचे चित्त पूर्वीचे राहत नाही. मला वाटते, पाळीव मांजराच्या बाबतीत आपले स्थान नेमके या विहिरीच्या मालकाचे आहे.

आता काही जण दुसऱ्या टोकाला जातील. 'एवढी कटकट नको, मांजरच सोडून देऊ.' आपल्या लोकांत पोत्यात घालून पिल्ले बाजारात किंवा नदीपलीकडे नेऊन सोडण्याची पद्धत आहे. ती अतिशय वाईट आहे. ती पिल्ले उपासमारीने, कुत्र्यांच्या दातांनी मरतात. जी एखादी जगते ती अधिक जीव मारून जगते, आणि तिला पुढे आणखी पिल्ले होतात. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे जनावराला उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हाही आहे. आश्रय देऊन मग उकिरड्यावर टाकणे, याला आपण तरी मैत्री म्हणू शकत नाही.

कठडा बांधावा तो असा. मांजरीची आणि बोक्याची नसबंदी करावी, पाच-सहा महिन्यांची असतानाच. मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोनतीनदाही विते, आणि पोत्याची वेळ त्यामुळेच येते. एकट्या घराला खर्च झेपत नसेल तर विहार समितीने पशुवैद्याला बोलावून एक दिवस शिबिर भरवावे. वर्षावासात प्रवचनांबरोबर हेही होऊ शकते. सायंकाळपासून सकाळी उन्हे वर येईपर्यंत मांजर घरात ठेवावे, कारण पहाट आणि तिन्हीसांजा याच त्याच्या शिकारीच्या वेळा. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भरपूर मांस असलेला आहार दिल्यावर घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट आढळली. रोज पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून मांजराला खेळवल्याने २५ टक्के घट झाली. गळ्यातल्या घंटीने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, या उंदरांच्या जुन्या सभेलाही आता दुसरा ठराव करावा लागेल! मासळी बाजारात स्वस्तात मिळणारी माशांची डोकी बिनमिठाची उकडून घातली तरी आपल्या मांजराचे काम भागते. पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवत असाल तर ते जमिनीवर ठेवू नका. उंच टांगा, नाहीतर आपणच मांजरासाठी पान वाढल्यासारखे होते.

हे सगळे लिहिताना दहा बाय दहाच्या खोल्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. जेथे सहा माणसे झोपतात आणि दार दिवसभर उघडेच असते, तेथे मांजर कोंडून ठेवा असा नियम करणारी मी कोण? म्हणूनच तत्त्व आणि नियम यांतला भेद कामाला येतो. ज्याला स्वतंत्र घर आहे त्याने मांजर रात्री आत ठेवावे. ज्याला ते शक्य नाही त्याने निदान नसबंदी करावी. ज्याला दोन्ही शक्य नाही त्याने नवे मांजर आणू नये. आणखी एक गोष्ट आपल्या बंधूंसाठी. घरात ठेवलेल्या मांजराची माती कोणीतरी रोज बदलावी लागते. ती घरच्या बाईने बदलायची आणि शीलाचे पुण्य मालकाने घ्यायचे, असे होऊ देऊ नका. आधीच तिच्या वाट्याला पुष्कळ घाण आलेली आहे.

राहिला प्रश्न त्या पिल्लाचा, कारण तो उन्हाळ्यात अनेक घरांत येणार आहे. मार्च ते जुलै या महिन्यांत बुलबुलाची पिल्ले उडता येण्याच्या आधीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस झुडपाखाली, कुंपणापाशी बसून राहतात. ती अनाथ नसतात. आईबाप जवळच्या फांदीवरून कलकलाट करीत त्यांना भरवत असतात. मुले दयेने त्यांना उचलून घरात आणतात, खोक्यात ठेवतात, पाव चारतात आणि दुसऱ्या दिवशी ते मरते. मुलांना सांगा की, पिल्लाला अंगावर पिसे असतील तर त्याला हळूच उचलून जवळच्या दाट फांदीवर ठेवावे आणि दूर व्हावे; हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. चारपाच दिवसांत ते उडू लागेल. तेवढे दिवस मांजर ज्या घरचे असेल त्या घरी जाऊन सांगावे, आणि ते आपल्याच घरचे असेल तर दार लावून घ्यावे.